साडेअकराला निघालेली बाई

"एक बाई आहे," आई म्हणाली. "तिला आठ किलोमीटर चालत जायचंय."

मी पाटी मांडीवर घेतली. "तासाला किती चालते ते सांग. त्याशिवाय उदाहरण पुरं होत नाही."

आई पीठ चाळत होती. चाळणी तशीच हातात धरून ती म्हणाली, "चार म्हण."

"मग दोन तास. सोपं आहे."

"कडेवर पोर असेल तर?"

पुस्तकात असं उदाहरण नव्हतं. पुस्तकातली माणसं रिकाम्या हातांनी चालायची. मी थोडा विचार करून म्हटलं, "मग तासाला तीन धरू. आठ भागिले तीन. दोन तास चाळीस मिनिटं."

"आणि साडेअकराला निघाली तर?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी पोचेल."

आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग पुन्हा चाळणी हलवायला लागली. "तिला दीडची एसटी धरायची असली तर?" असं तिनं अगदी सहज विचारलं. पण चाळणीत पीठ उरलं नव्हतं. नुसता कोंडा फिरत होता.

मी तेव्हा दहा वर्षांची होते, चौथीत. आम्ही कुंभेरीच्या धरणावर राहायचो. धरण बांधलं जात होतं तेव्हा तिथं क्वार्टरांच्या दोन ओळी गजबजलेल्या होत्या म्हणे. मला आठवतं तेव्हा सगळं सामसूम झालं होतं. आमचं एक घर, टेकाडापलीकडे वॉचमन लहानू आणि त्याची बायको हौसामावशी, आणि बाकी दारं-खिडक्या काढून नेलेल्या खोल्या. शाळा अर्ध्या तासावरच्या वाडीत, फाटा आठ किलोमीटरवर. दिवसातून एकदा, दुपारी दीडला, तिथून माझ्या मामाच्या गावाकडं जाणारी एसटी मिळायची.

आप्पा धरणावर पाण्याची पातळी मोजायचे. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवरचा आकडा बघायचा आणि रजिस्टरात लिहायचा. त्यांचा आकडा कधी चुकला नाही. सुट्टीच्या दिवशी मला बरोबर घेऊन जायचे. भिंतीवर वारा इतका असायचा, की माझा हात धरून ठेवायचे. "पमे, काल पाणी बारा सेंटीमीटर उतरलं. असंच उतरत राहिलं तर दहा दिवसांत किती?" मी उत्तर दिलं की खिशातून ब्लेड काढून माझ्या पेन्सिलीला टोक करून द्यायचे. तेच माझं बक्षीस. दुसऱ्या कुणाच्या पेन्सिलीला इतकं लांब टोक नसायचं.

आणि तेच आप्पा घरातून बाहेर पडताना दाराला बाहेरून कडी लावायचे.

बांधकामाच्या वेळी एका कारकुनाची बायको मुकादमाबरोबर निघून गेली होती. तेव्हापासून त्यांनी हे सुरू केलं, असं हौसामावशी म्हणायची. खरं-खोटं मला माहीत नाही. आईच्या चपला त्यांच्या ट्रंकेत असत आणि ट्रंकेला कुलूप. आईनं चार वर्षांत माहेर बघितलं नव्हतं. एकदा तिनं भावाला पत्र लिहायला सांगितलं, तर तीन दिवस तिच्या गालावर बोटं दिसत होती. मला हे सगळं दिसत होतं. पण सगळ्या घरांत असंच असतं, असं मी धरून चालले होते.

दर गुरुवारी नऊ वाजता खात्याची जीप यायची आणि आप्पा रजिस्टर घेऊन तालुक्याच्या ऑफिसात जायचे. दोनला परत. बाराची पातळी तेव्हा लहानू बघून ठेवायचा. त्या दिवशी कडीला कुलूप लागायचं. मी सातला शाळेला निघताना ते कुलपाची किल्ली दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घालायचे. "साडेअकराला घरी यायचं. आत गेलीस की आतून कडी. मी हाक मारल्याशिवाय उघडायची नाही. माझी हिशोबी पोर आहेस ना?" मी मान हलवायची. किल्ली झग्याच्या आत सारायची. दिवसभर ती छातीला थंड लागायची आणि मला मोठं झाल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी जेवताना ते विचारायचे, "आज कोण आलं होतं?"

मी सगळं सांगायची. खोटं बोलायचं मला सुचायचंच नाही. आकडा बघायचा आणि लिहायचा, तसं.

आईला शाळा माहीत नव्हती. वीसपर्यंत ती बोटांच्या पेरांवर मोजायची. त्या हिवाळ्यात मी घोकायला बसले, की ती जवळ येऊन बसायची. छाया, माझी धाकटी बहीण, तीन वर्षांची, तिच्या मांडीवर झोपलेली असायची. आधी आई घड्याळ शिकली. मग बेरीज, मग हातचे. पाटी माझी एकच, म्हणून ती परातीत पीठ पसरायची आणि बोटानं आकडे काढायची. आप्पांचं पाऊल वाजलं की हात फिरवून पीठ सारखं करायची. संक्रांतीपर्यंत तिला भागाकार यायला लागला होता. शाब्दिक उदाहरणं तिला फार आवडायची. "ह्यात माणसं आहेत," म्हणायची. मग ती स्वतःच उदाहरणं घालायला लागली. एका रांजणात इतक्या घागरी. एका शेळीला इतका पाला. मी शिक्षिकेसारखी तपासायची.

आणि आता ही बाई.

"दीडची एसटी धरायची तर," आईनं पुन्हा विचारलं, "तिनं किती वाजता निघावं?"

मी दीडातून दोन तास चाळीस मिनिटं वजा करायला घेतली. दहा पन्नास. उत्तर पाटीवर लिहिता लिहिताच मला दुसरं काहीतरी दिसलं. साडेअकरा ही माझी घरी येण्याची वेळ होती. आठ किलोमीटर म्हणजे फाटा. दीडची एसटी मामाच्या गावची.

पाटीवर हात ठेवून मी विचारलं, "आई, त्या बाईला पोरं किती?"

"एक. म्हटलं ना, कडेवरचं."

"मोठं नाही?"

आईनं चाळणी खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्या उदाहरणात एकच पोर आहे."

मला आठवतं, माझे कान तापले. मी दहा पन्नास पुसून टाकलं.

"नऊला," मी म्हणाले. "तिनं नऊला निघायला पाहिजे. त्याच्यानंतर निघाली तर एसटी मिळायची नाही."

नऊला आप्पा दारातच असायचे. आईला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"बरं," ती म्हणाली. पीठ मळायला घेतलं. त्यानंतर तिनं पंधरा दिवस एकही उदाहरण घातलं नाही.

मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिल्याची ती पहिली वेळ. मला वाईट वाटलं नाही. राग आला होता. माझ्या गळ्यात किल्ली होती आणि माझ्याशिवायच कुणीतरी जाणार होतं.

त्या रागातच मी पुढचं केलं. एका दुपारी हौसामावशी स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी आली आणि गजांतून तिनं आईला चार दोडके दिले. दोघी थोडा वेळ बोलल्या. आई हसली. मला तिचं हसणं नवीन वाटलं. संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "आज कोण आलं होतं?"

मी न सांगता राहू शकले असते. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते सुचलं होतं. तरी मी म्हणाले, "हौसामावशी. खिडकीशी. खूप वेळ बोलत होती."

आप्पांनी जेवण संपवून हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळची पातळी लिहून आल्यावर त्यांनी मोकळ्या पडलेल्या क्वार्टरांतल्या विटा घमेल्यातून आणल्या, चिखल कालवला आणि ती खिडकी चिणून टाकली. काम नीट केलं. ओळंबा लावून, एकेक थर सरळ. मला म्हणाले, "पमे, एका थरात पाच विटा. अकरा थर झाले. किती?"

"पंचावन्न," मी म्हणाले.

आई चुलीपाशी बसली होती. ती विटांकडे बघतही नव्हती, माझ्याकडेही नाही.

त्यानंतर स्वयंपाकघरात दिवसाही अंधार असायचा. चुलीचा धूर बाहेर जायला वाट उरली नाही. छाया खोकायला लागली. आई भाकरी थापायची तेव्हा तिचे डोळे सतत वाहायचे, आणि ती रडतेय की धुरानं होतंय ते मला कळायचं नाही. चौथ्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसले. आप्पा बाराच्या मोजणीला गेले होते.

"आई, त्या बाईचं उदाहरण मी चुकवलं होतं."

"ठाऊक आहे," आई म्हणाली.

"कसं?"

"दुसऱ्या दिवशी पिठात मांडून बघितलं. दहा पन्नास आलं. पुन्हा मांडलं. तीनदा तेच आलं."

 मी विचारलं, "मग तू मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर संध्याकाळी जेवताना तू काय सांगितलं असतंस?"

तिनं हे ओरडून म्हटलं नाही. खरोखरच विचारावं तसं विचारलं. छाया मांडीवर खोकत होती आणि आई तिची पाठ चोळत होती.

"मला का नाही घेतलंस उदाहरणात?" मी शेवटी म्हणाले, आणि रडायला लागले.

आईनं भाकरी उलटली. "तू त्यांची आहेस असं वाटायचं मला. तुझे लाड होतात इथं. शाळा आहे. मी तुला काय देणार होते? पायात घालायला चपला नाहीत माझ्याकडं." मग जरा थांबून, "आणि तुला विचारायची मला भीती वाटायची, पमे. पोटच्या पोरीची भीती."

मी झग्यानं नाक पुसलं. पाटी आणली. अंधारात नीट दिसत नव्हतं म्हणून चुलीजवळ धरली. "मधल्या सुट्टीला दहाला शाळेतून निघाले तर साडेदहाला इथं पोचेन," मी म्हणाले. "दहा पन्नासपर्यंत आपल्या हातात वीस मिनिटं राहतात."

आईनं पाटी बघितली. ती 'आपल्या' ह्या शब्दावर काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, "जीप परत येते ती त्याच रस्त्यानं. आपण कालव्याच्या कडेनं जाऊ."

गुरुवारी आप्पांनी नेहमीसारखी किल्ली माझ्या गळ्यात घातली. माझ्या केसांवरून हात फिरवला.  मधल्या सुट्टीत मी गुरुजींना पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि निघाले.

मी कुलूप उघडलं. आत आई तयार होती. जुन्या लुगड्याच्या चिंध्या तिनं पायांना घट्ट बांधल्या होत्या. पदराच्या गाठीत चार वर्षांपूर्वी भाऊबीजेला मिळालेले, आजवर लपवून ठेवलेले पैसे. बाकी काही घेतलं नाही. भाकरी आणि पाण्याची एक बाटली मी दप्तरात टाकली. बाहेर पडल्यावर मी कडी घातली आणि कुलूप दाबून लावलं. का लावलं, मला अजून सांगता येत नाही.

पहिला तासभर आम्ही हिशोबाप्रमाणे चाललो. कालव्याकडेला बाभळी होत्या, सावली नव्हती. कालवा कोरडा पडला होता. मी किलोमीटरचे दगड मोजत होते. तिसऱ्या दगडापाशी आईच्या पायात काटा गेला. चिंध्यांमधून आत, टाचेत. तो काढताना अर्धा तुटून आत राहिला. तिथून ती चवड्यावर चालायला लागली. मी छायाला घेतलं. तीन वर्षांचं पोर दहा वर्षांच्या कमरेवर किती वेळ राहणार? शंभर पावलं मी, मग आई, मग मी. छाया पाणी मागत होती आणि बाटली पाचव्या दगडाआधीच संपली होती.

"किती राहिलं?" आई विचारायची.

"तीन किलोमीटर."

"आणि वेळ?"

घड्याळ नव्हतं. मी सावलीकडे बघून अंदाज करत होते आणि मला माझ्या अंदाजावर विश्वास वाटत नव्हता. तासाला तीन हे मीच धरलं होतं. मी काटा धरला नव्हता, ऊन धरलं नव्हतं, तहान धरली नव्हती.

"आई, मिळणार नाही," मी म्हणाले. "मी परत चुकले."

आई थांबली. तिचा चेहरा लालभडक झाला होता. "चुकली तर चुकली," ती म्हणाली. "उत्तर चुकलं म्हणून मी घरी जायची नाही. चल."

फाटा दिसायला लागला तेव्हा कालवा आणि रस्ता जवळ येतात. तिथं आम्हाला जीपचा आवाज आला. कालव्यावर लहानसा पूल होता. आईनं मला दंडाला धरून त्याच्याखाली ओढलं. आम्ही कोरड्या कालव्यात सिमेंटला पाठ लावून बसलो. छायाला खोकला आला. आईनं तिचं तोंड आपल्या छातीत दाबलं. जीप पुलावर आली आणि वरून माती आमच्या केसांत गळली.

जीप थांबली.

ड्रायव्हर उतरला. रेडिएटरला पाणी घालायचं होतं बहुतेक, कॅनचा आवाज आला. मग आप्पांचा आवाज, माझ्या डोक्यावर दोन हातांवर. "चला लवकर. पोर वाट बघत असेल घरी."

पोर म्हणजे मी. मला ओरडून 'आप्पा' म्हणावंसं वाटलं. आज हे लिहिताना कबूल करते, की भीतीनं नाही, खरंच वाटलं. आईला ते कळलं. तिचे दोन्ही हात छायाभोवती होते. तिनं माझं तोंड दाबलं नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मी गप्प राहिले. जीप गेली.

आम्ही वर आलो. जीप फाट्यावरून पुढे निघालेली असेल, तर दीड वाजून गेलाच होता. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत एक म्हातारा होता. आईनं विचारलं, "बाबा, दीडची गाडी गेली का हो?"

"अजून नाही आली," तो म्हणाला. "आज उशीर दिसतोय." त्यानं आईच्या पायांकडे बघितलं, आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. काही विचारलं नाही.

एसटी वीस मिनिटं उशिरा आली. ती वेळेवर आली असती तर आज मी हे सांगत नसते. आम्ही बसलो. खिडकीच्या जागेवर छाया लगेच झोपली. आईचे पाय सुजून चिंध्यांत मावत नव्हते. मी मागं वळून रस्त्याकडे बघत राहिले, जीप येते का म्हणून. ती आली नाही. घरी त्यांनी कुलूप बघितलं असणार आणि मी उशिरा येतेय असं समजून दारातच बसले असणार. किती वेळ बसले, ते मला कधी कळलं नाही.

मामानं आम्हाला ठेवून घेतलं. मामीनं महिनाभर भांडी आदळली, पण टाचेतला काटा तिनंच काढला.

दहाव्या दिवशी सकाळी आप्पा आले. एकटे, चालत. अंगणाच्या कडेला शेवग्याखाली उभे राहिले. त्यांची दाढी वाढली होती. मामा काठी घेऊन पुढं झाला, तर आईनं त्याला आडवा हात केला. "दादा, थांब. ते माझ्याकडं आलेले नाहीत."

खरंच, ते आईकडे बघत नव्हते. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "पमे," ते म्हणाले, "पाचवीचं गणित आणलंय. शाळा सुरू व्हायच्या आत आपण अर्धं करू. चल."

मी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती. तिनं मला जाऊ नको म्हणून सांगितलं असतं, तर माझं काम सोपं झालं असतं. ती म्हणाली, "तुझं तू सांग त्यांना. मी तुला धरणार नाही."

"आप्पा," मी विचारलं, "दाराला बाहेरून कडी लावणार का?"

त्यांना हा प्रश्न कळलाच नाही असं वाटलं. मग म्हणाले, "काळजीपोटी लावतो गं मी. तुमच्याच."

"मग मी नाही येत."

 मला वाटलं, आता चिडतील, पुढे येऊन माझा हात धरतील. त्यांनी तसं काही केलं नाही. खाली वाकून पुस्तक ओट्याच्या कडेवर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर एक दगड ठेवला आणि आले तसे चालत निघून गेले. वळणापर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मागं बघितलं नाही.

मी रडायला लागले. आई येऊन शेजारी बसली. मी कुणासाठी रडत होते ते तिला कळत होतं. तिनं मला जवळ घेतलं आणि माझं रडणं आपोआप थांबेपर्यंत तशीच बसून राहिली.